पाच वर्षांत बारा माग

मी कबनूरच्या एका मागाच्या कारखान्यातला फळा बोलतोय. सांगतोय ते सगळं असंच घडलं का, याची मलाच खात्री नाही. रोज पुसल्या जाणाऱ्याने आठवणीची हमी कशी द्यावी?

तसा मी शिकलेला. हातकणंगल्याच्या एका हायस्कुलात तीस वर्षं माझ्यावर बीजगणित झालं. शाळेत पांढरे फळे आले, तेव्हा इथले मालक मौलाली यांनी मला टेम्पोत घालून इथं आणलं आणि ऑफिसच्या भिंतीवर टांगलं. त्यांचे चोवीस साधे माग होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या माथ्यावर ठळक लिहिलं: 'पाच वर्षांत बारा रेपियर माग.' रेपियर म्हणजे बिनधोट्याचे, वेगाने चालणारे नवे माग. लिहून झाल्यावर ते दोन पावलं मागं सरून वाचत उभे राहिले. मला बरं वाटलं.

पण त्या ओळीखाली रोजची यादी सुरू झाली. सात नंबरचा माग बंद. दोन बीमांवरचं सूत संपत आलं. व्यापाऱ्याचा माणूस चारला येणार. यादी वर वर सरकत जाई. मौलाली खडू घेऊन माथ्यावरच्या ओळीकडे बघू लागले की नेमका फोन वाजे.

माझा संशय हंबीररावांवर होता. ते इथले जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. जुन्या मागाचं कुठं दुखतंय ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. नवे माग आले तर त्या कानाला कोण विचारणार? ते वरच्या ओळीकडे फार वेळ बघत, हे मी पाहिलं होतं.

खंडेनवमीला कारखान्यातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुजतात. मौलालींच्या वडिलांपासूनची ही पद्धत; पेढे मौलालीच आणत. हंबीररावांच्या लेखी फळाही हत्यारच. ते मला स्वतः उतरवत, अंगणात भिंतीकडे तोंड करून उभं करत आणि धुण्याआधी माझ्या पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी खरडत. दरवर्षी. काय, ते मला दिसत नसे. करणी असेल का, असंही मनात आलं. शिकलेल्याला शोभत नाही, पण आलं.

मग माझं तोंड धुऊन हळदकुंकू लावत, आणि मौलाली आठवून ओळ पुन्हा लिहीत. आकडा लहान होतोय असं मला वाटे. बारा होते ना? की दहाच होते?

सहाव्या वर्षी मौलालींची थोरली मुलगी शाहिस्ता ऑफिसात बसू लागली. पूजेदिवशी मौलाली ओळ पुन्हा लिहीत होते, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, तुमची पाच वर्षं लई लांबडी हायत की. मी शाळंत हुते तवापास्नं चालू हायत."

मौलाली चिडले, पण तिच्यावर नाही. "हंबीरमामा दर साली पुसून टाकत्यात. ध्यानात ऱ्हायचं कसं?"

"मग हत्यार धुतल्याबिगर पुजू व्हय?" हंबीरराव फडकं पिळत म्हणाले.

"तुमाला नवं माग नकोच हायत. खरं सांगा."

हंबीररावांनी फडकं खाली ठेवलं. "शेठ, माझ्यावर वहीम हाय, तर मी हितं कशाला थांबू?" त्यांनी मला पुन्हा खिळ्यावर टांगलं, पाना टेबलावर ठेवला आणि ते गेले.

मला हायसं वाटलं. आता सांगताना लाज वाटते.

पुसणारा गेला. वरची ओळ तीन वर्षं तशीच राहिली. नवे माग मात्र आले नाहीत.

यंदा ऑफिसला रंग द्यायचा म्हणून मला उतरवलं. शाहिस्तानं माझी पाठ पुसायला फडकं उचललं आणि थांबली. "अब्बा, हिकडं या."

ती मोठ्यानं वाचू लागली. अक्षर हंबीररावांचं. प्रत्येक खंडेनवमीची तारीख, आणि पुढं त्या दिवशी पुसण्याआधी माझ्यावर जे होतं ते. बारा माग. दहा माग. आठ. सहा. चार. चार.

मौलाली खुर्चीत बसले. "हे म्या लिवलं हुतं?"

"तुमीच. आनि खाली अजून एक वळ हाय."

त्या ओळीपुरती माझी आठवण पक्की आहे, कारण तिनं ती दोनदा वाचली: 'रेपियरचं काम शिकून झालं. आता शेठनी माग आणायला हरकत न्हाय.'