द्वारका आंबा

कौसल्याने तडकलेले आंबे टोपल्यात भरले, उकिरड्यात खोल पुरून टाकले आणि हात धुऊन ती घरात आली.

"किती फुटले?" बाजेवरून तिच्या नवऱ्याने, काकासाहेबांनी विचारलं. अर्धांगाने त्यांची जीभ जड झाली होती.

"केशरचे शंभरात आठ. द्वारकाचे अकरा."

त्यांनी डाव्या हाताने आकडे वहीत उतरवले. बांधावरच्या एका गावरान झाडाला हुबेहूब केशरसारखी फळं लागतात हे पाहून, पंच्याऐंशी साली त्यांनी त्याची दहा कलमं केशरच्या दहा झाडांशेजारी लावली होती. नाव आपल्या आईचं दिलं. नऊ वर्षं ते दोन्हींची उंची, घेर, फळं मोजत आले. द्वारका भराभर वाढली, दरसाल लगडली. फक्त पाडाला आली की फळ तडकायचं. यंदा मोजणी कौसल्याकडे आली. द्वारकाची शंभरातली साठ तडकली होती. तो आकडा सांगायला तिचं मन धजलं नाही.

आठ दिवसांनी टेंभुर्णीहून पुतण्या रामकिसन सायकलवर आला.

"काका, मागल्या साली द्वारकाचं एक एकर केलं. बराबर जगलं. आणखी एका एकराला काड्या पाह्यजेत कलमाला."

"ने की." काकासाहेबांचा अर्धा चेहरा हसला. "यंदा अकराच फुटले."

कौसल्या त्याला झाडांकडे घेऊन गेली. कात्री फांदीला लागली तसा तिने त्याचा हात धरला.

"नको नेऊ, बाबा. साठ फुटलेत. त्यांना मी खोटंच सांगितलं."

रामकिसनने कात्री खाली घेतली.

"मागल्या साली काकांनी सोता मोजले होते, काकू. सतरा म्हनले."

"यंदाच काय झालं, देवाला ठावं."

"मंग आहे ते एकर ठिवतो. बघू."

रिकामी पिशवी सायकलला अडकवून तो घरात न शिरताच निघाला.

काकासाहेबांनी खिडकीतून ती पिशवी पाहिली होती.

"काड्या न्हाई नेल्या त्यानं."

"साठ होते," कौसल्या म्हणाली.

ते चिडले नाहीत.

"मागल्या साली सत्तावन्न होते. मी सतरा लिहिले. वाटलं, पाण्याचा फरक असल, पुढं सुधरल." त्यांना धाप लागली. "हाक मार त्याला. ते एकर आताच उपटून टाक म्हनाव."

कौसल्या उंबऱ्यात आली. बांधावरून रामकिसनची सायकल सावकाश चालली होती. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती; पण पुढल्या साली सुधारलं तर, असं वाटून तिने ती मारली नाही.