चौदा नंबरची भिंत

दर वर्षी घट बसायच्या आधी सिंधुबाई आपल्या घराला स्वतःच्या हाताने चुना देत. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी केव्हाच रंगाचे डबे आणून भिंती पिस्ता नाहीतर केशरी करून टाकल्या होत्या. सिंधुबाईंचं घर पांढरंच राहिलं. आदल्या रात्री चुना भिजवायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची, सकाळी पदर खोचून रस्त्याकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची. त्या भिंतीवर मात्र कुंचा एका जागी वळसा घेई. तिथं लाल रंगाचा एक गोल होता, गोलात चौदाचा आकडा आणि खाली एक बाण.

चार वर्षांपूर्वी तीन पायांची दुर्बीण घेऊन दोन माणसं आली होती. त्यांनी काहीतरी मोजलं, सिंधुबाईंकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, भिंतीवर तो आकडा काढला आणि निघून गेली. ती कुठल्या खात्याची, हे कुणी विचारलं नाही. पण नाशकात मेट्रो येणार म्हणून तेव्हा जिकडेतिकडे चर्चा होती. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सातपूरच्या त्या गल्लीत ठरूनही गेलं, की स्टेशन इथंच होणार आणि त्याचा जिना सिंधुबाईंच्या भिंतीपाशी उतरणार.

मेट्रो काही आली नाही. भाव मात्र वेळेवर आले. घरं विकून देणारी वेदिका मॅडम गिऱ्हाइकांना थेट त्या आकड्यापुढे उभं करी. "इथून स्टेशन दोन मिनिटं. दोन पण नाही हो, पायात चप्पल घालायला लागतो तेवढा वेळ." गिऱ्हाइकं फोटो काढून घेत. आधी घरांच्या किमती चढल्या, पाठोपाठ मागच्या खोल्यांची भाडी. रोज बसने कामावर जाणारी बिऱ्हाडं एकेक करून गाव ओलांडून लांब राहायला गेली. जी माणसं उद्या त्या मेट्रोत बसली असती, ती तिच्या नुसत्या बातमीने उठली. कुणी हे मुद्दाम केलं नव्हतं, म्हणून कुणाला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

सिंधुबाई नाशिकरोडला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करत. आशा त्यांच्या हाताखाली कणीक मळायची. ती पेठ तालुक्यातली. नवरा दिनेश आणि शाळेत जाणारी मुलगी घेऊन शेजारच्या गोरक्षच्या मागच्या खोलीत राहायची. दोघी साडेसहाची बस धरत, सीबीएसच्या स्टँडवरून पुढे द्वारकेच्या चौकात अडकून पडत, आणि कशाबशा आठच्या आत शेगडीपुढे उभ्या राहत.

त्या गुरुवारी बस द्वारकेला अडकली तेव्हा आशा म्हणाली, "मावशी, गोरक्षभाऊंनी खोली सोडायला सांगितली. घर इकतायत. रविवारी ठाण्याचं गिऱ्हाईक यायचंय."

"मग जाशील कुठं?"

"हे म्हणतात, महिरावणीच्या पुढं स्वस्त मिळंल. पण तिथून इतक्या सकाळी यायचं कसं? काम सोडावं लागंल. पोरीची शाळाबी."

त्या रात्री सिंधुबाईंनी चुना भिजवला, चिमूटभर नीळ टाकली.

शुक्रवारी दोन ऑक्टोबरची सुट्टी होती. सकाळी त्यांनी कुंचा बुडवला, भिंतीला लावला, आणि लाल गोलापाशी आल्यावर वळसा घेतला नाही. सरळ वरून नेला. एक हात, दोन हात, वाळल्यावर तिसरा हात.

दुपारी गोरक्ष स्कूटर लावता लावता थबकला. या पोराने लहानपणी निम्मी जेवणं सिंधुबाईंकडे केली होती.

"काकू! हे काय केलं?"

"चुना दिला."

"अहो, चौदा नंबर कुठाय?"

"हाय ना. चुन्याच्या खाली."

गोरक्षने घाईघाईने वेदिका मॅडमला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "काकू, टेन्शन घेऊ नका," मॅडमचा गोड आवाज आला. "चुकून झालं असेल. मी उद्याच पेंटर पाठवते, तुम्हाला काही खर्च नाही."

"चुकून नाय झालं. चष्मा लावून पुसलंय. पेंटर पाठवलास तर त्यालाच कुंचा देईन, वरची बाजू राहिलीय माझी."

"काकू, गल्लीचा भाव उतरेल हो!" गोरक्ष कळवळला.

"उतरू दे की. चार वर्षं चढून बसलाय, पाय अवघडले असतील त्याचे."

"सरकारी खूण पुसणं गुन्हा आहे, माहितीये?"

"मग बोलव सरकारला. मीबी वाटच बघतेय. येऊन सांगंल तरी, कसली खूण होती ती."

गोरक्ष फोन बंद करून घरात शिरला. पण शनिवारी संध्याकाळी सिंधुबाई आणि आशा कामावरून परतल्या, तर गोरक्षच्या केशरी भिंतीवर ताजा लाल गोल, गोलात चौदा आणि खाली बाण! रंगाचे ओघळ अजून ओले होते. समोरचे पगार सर कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभे होते.

"गोरक्ष, आकडा तुझ्या भिंतीवर कसा आला रे?"

"सर, एका घराचा तर फरक आहे. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"मग एका घराचा फरक माझ्याकडे का नको? बाण पहिल्यापासून माझ्या घराकडेच होता. मी भूगोल शिकवलाय तीस वर्षं."

रविवारी सकाळी पगार सरांच्या भिंतीवरही चौदा उमटला. ते पाहून पिठाच्या गिरणीवाल्याने एक काढला, त्याच्या भावाने एक, आणि कोपऱ्यावरच्या घराने शहाणपणा करून पंधरा काढला, म्हणजे तेवढंच वेगळं. सिंधुबाईंची भिंत तेवढी कोरी होती. त्या उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होत्या.

अकरा वाजता ठाण्याचं जोडपं आलं. वेदिका मॅडमचं बोलणं पहिल्या चौदापाशी सुरू झालं आणि तिसऱ्या चौदापाशी अडखळलं. नवरा फोटो काढायचा थांबला. बायकोने विचारलं, "यातलं खरं कुठलं?"

"आमचं," गोरक्ष आणि पगार सर एकदम म्हणाले.

मग सगळ्यांची नजर सिंधुबाईंकडे वळली. आकडा मुळात कुठं होता हे सांगायला दुसरं कोण होतं? गोरक्ष लगबगीने त्यांच्यापाशी आला, वाकला आणि हळूच म्हणाला, "काकू, एवढा एक शब्द टाका. स्टेशन इथंच होणार, एवढंच म्हणा. आशाला दिवाळीपर्यंत ठेवतो. आईशपथ."

आशा नळाशी हंडा भरत होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण हंडा भरून वाहायला लागला तरी तिने नळ बंद केला नाही. सिंधुबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. दिवाळी म्हणजे अजून महिना. पोरीची सहामाही परीक्षा तरी इथूनच झाली असती.

"आणि दिवाळीनंतर?" त्यांनी विचारलं.

गोरक्षने वळून गिऱ्हाइकांकडे पाहिलं.

सिंधुबाई पदर झटकून उठल्या आणि जोडप्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"खरा आकडा या माझ्या भिंतीवर होता. मी पुसला. तो कशाचा होता ते मला ठाऊक नाय, आणि यांच्यातल्या एकालाबी ठाऊक नाय. मेट्रो आली तर चांगलंच हाय, पहिल्या दिवशी मीच बसंन. पण घर आज घेताय, तर आजचा रस्ता बघून घ्या. साडेसहाची बस धरा, द्वारकेला अर्धा तास थांबा, मग भाव ठरवा."

बायको हसू दाबत नवऱ्याकडे पाहू लागली. "विचार करून कळवतो," नवरा म्हणाला. दोघं गाडीत बसून गेली, आणि त्यांच्यामागे फोन कानाला लावून वेदिका मॅडमही निघाली.

रागाने गोरक्षच्या तोंडाला फेस यायचाच बाकी राहिला. "अख्ख्या गल्लीचा भाव पाडला तुम्ही! आशा, आजच्या आज खोली खाली कर. सामान बाहेर दिसलं पाहिजे."

आशा हंडा तसाच टाकून उभी राहिली.

"आशा, भांडी बांधायला घे," सिंधुबाई म्हणाल्या. "दिनेशला म्हणावं, कॉट उचल."

"कुठं न्यायचं, मावशी?"

"कुठं म्हणजे? हितं. माझी पुढची खोली रिकामीच हाय."

"रस्त्यावरची खोली?" पगार सरांना राहवलं नाही. "सिंधुताई, दुकानाला दिली तर आठ हजार कुठं गेले नाहीत!"

"सर, ते आठ हजार माझ्याबरोबर पोळ्या लाटायला येणार हायत का? आशा चार वर्षांपूर्वी द्यायची तेवढंच भाडं देईल."

"म्हणजे बाकीच्यांनी काय करायचं?" गिरणीवाला ओरडला. "उद्या आमचा भाडेकरू तुमच्या भाड्याकडे बोट दाखवील."

"दाखवू दे. बोट दाखवायला मीच सांगंन."

दिनेश आणि आशाने कॉट गल्लीत आणली. सिंधुबाईंनी पुढच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि कॉट धरायला परत आल्या. गोरक्ष वाटेतच उभा होता, हलायला तयार नव्हता.

"काकू, हे बरं नाही केलं तुम्ही."

"नसंल," सिंधुबाई म्हणाल्या. "पण केलं." आणि खाली वाकून त्यांनी कॉटचं एक टोक उचललं.