भाऊंनी मासे सोडले

सुलक्षणाच्या गालावर पहिला पांढरा डाग दिसला, त्याच आठवड्यात तिच्या सासऱ्यांनी, भाऊंनी, घरात मासे बंद केले. माशांवर दूध प्यायलं की कोड फुटतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. भांडुपच्या बाजारात कोळणींशी हुज्जत घातल्याशिवाय ज्याची सकाळ उजाडत नसे, तो मालवणचा माणूस दुधी आणि दोडकी आणू लागला. सुनेने एकटीने पथ्य का पाळावं, सगळ्यांनीच पाळायचं, असा हुकूम. तिचा नवरा नितेश कुरकुरला, पण बापापुढे त्याचं काही चाललं नाही.

भाऊंना वाटलं, आपण सुनेला आधार दिला. सुलक्षणाला मात्र ताटात दुधी पडला की वाटे, आजार आपल्या कातडीचा आणि शिक्षा सगळ्या घराला. डाग बोटांवर उतरले, तशी मुलुंडच्या चष्म्याच्या दुकानात तिने काउंटर सोडून आतल्या खोलीतलं काम मागून घेतलं. फ्रेम बसवायला हात पुढे केला की गिऱ्हाईक मान मागे घेई, ते तिला सोसेना. मग पहाटे छाती धडधडून जाग येऊ लागली. जेवण कमी झालं. नितेशने विचारलं, तर काही नाही रे, दमते, एवढंच. पथ्यच कमी पडत असणार, असं ठरवून भाऊंनी सुकटही बंद केली.

कोडावर औषध चालू होतं; त्याच्या तपासणीच्या दिवशी नितेशची ड्युटी बदलली, म्हणून भाऊ सोबत गेले. त्वचेच्या डॉक्टर संघमित्रा म्हणाल्या, गालावर रंग परततोय, बोटांना वेळ लागेल. एवढं ऐकूनही सुलक्षणाचा चेहरा हलला नाही, हे डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी झोपेचं विचारलं. ठीक आहे, ती म्हणाली. जेवणाचं विचारलं, तेव्हा उत्तर भाऊंनी दिलं, मोठ्या अभिमानाने: घरात माशाचा काटासुद्धा येत नाही.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की माशांचा आणि कोडाचा काही संबंध नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून रंगाच्या पेशींवर उठतात. भाऊंचा पडलेला चेहरा पाहून सुलक्षणाला राहवलं नाही.

"डॉक्टर, मी ठीक नाहीये. मला झोप नाही. प्रत्येक घासाला वाटतं, मी नसते तर ही माणसं नीट जेवली असती."

"गो बाय माझ्या," भाऊ म्हणाले, "ह्या माका आधी कित्याक नाय सांगलंस?"

"तुम्ही दुधीसुद्धा एवढ्या मायेने चिरत होता, भाऊ. काय सांगणार?"

डॉक्टरांनी भाऊंना क्षणभर बाहेर बसवलं आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे तिला स्पष्ट विचारलं. नाही, ती म्हणाली, आणि ते खरं होतं. अशा आजारात मन खचणं नवलाचं नाही, त्यालाही औषध आहे, असं सांगून त्यांनी तिला वरच्या मजल्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथल्या बाकावर नेमक्या शेजारच्या शांताबाई, बहिणीला घेऊन आलेल्या. इकडे कशाला, त्यांनी विचारलं. आता भाऊ काहीतरी थाप मारणार, या धास्तीने सुलक्षणाने मान खाली घातली.

"सुनेचा मन आजारी आसा," भाऊ म्हणाले. "दाखवूक इलंव."

शांताबाई सरकल्या. जागा एकाचीच झाली. भाऊंनी सुनेला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. नाव पुकारलं गेलं, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, मी येऊ का आत.

"नको, भाऊ," ती उठत म्हणाली. "माझं मी सांगते."