सात नंबरच्या ओव्या

एकशे बारा नंबरच्या पानावर माझी माय निघाली.

नाव नव्हतं. ‘माहितीदात्री क्रमांक सात, कुरुंदा, बौद्ध, वय अंदाजे पन्नास, डाव्या करंगळीचे पेर तुटलेले.’ ते पेर कडबा तोडताना गेलं, तवा मी तिथंच होतो.

प्रबंध अमृतराव सरांचा, टाइप करायला माझ्याकडं. औरंगाबादच्या विद्यापीठाला द्यायचा. समाजशास्त्र, इतिहास, लोकगीतं, सगळं एका जागी लावून बघायचं, असं कुणी केलं न्हाई, म्हणायचे. मी हिंगोलीत तहसिलीसमोर टायपिंगचं मशीन घेऊन बसतो. टायपिंग माझं मीच शिकलो, बी.ए. बी बाहेरून केलं, कॉलेजात एक दिवस बसलो न्हाई. सर म्हणाले होते, ‘भिवाजी, प्रबंध झाला की एम.ए.साठी माझ्या विभागाला शिफारशीची चिठ्ठी देतो.’ त्या चिठ्ठीसाठी मी जीव टाकून राहिलो होतो.

आणि एकशे बारावर हे: ‘धर्मांतराला वीस वर्षे झाली तरी या स्त्रिया जात्यावर खंडोबाच गातात. बदल वरवरचा आहे.’ खाली मायच्या चार ओव्या. त्यांच्यावर सहा पानं अर्थ.

आमच्या घरी खंडोबा? बोटं चालंनात. रविवारी कुरुंद्याला गेलो. माय अंगणात हळद पसरत होती.

‘माय, कुण्या सायबाला खंडोबा गाऊन दाखवला का तू?’

‘व्हय. वही घेऊन आल्ता.’

‘काहून पण? देव तर तूच नदीत सोडले.’

‘पाणी दिलं तर पेला न्हाई त्यो. तांब्या तसाच. मंग आमी बायांनी एकमेकीकडं बघितलं. आपलं पाणी पेला त्याला आपलं नवं गाणं. असल्याला जुनंच.’

शेजारची चांगुणामावशी हसायला लागली. ‘तुज्या मायला जुनं याद तरी कुठं होतं रे. निम्म्या ओव्या तिथंच जुळवल्या तिनं.’

सहा पानं अर्थ त्याचाच.

सोमवारी मी ते पान टाइप केलं. चार कार्बन लावून. सरांचा एकबी शब्द बदलला न्हाई. खाली फक्त टीप टाकली: ‘संशोधकाने या घरी पाणी घेतले नाही, म्हणून बायांनी जुनी गाणी दिली. निम्मी तिथेच रचली.’

मंगळवारी सर आले. पानं चाळत आले आणि एकशे बारावर थांबले.

‘हे कुणी लिहिलं?’

‘मी, सर. सात नंबरची माझी माय हाय.’

सरांनी टीप परत वाचली. मग हळू म्हणाले, ‘माझं पोट बिघडलं होतं रे त्या दिवशी.’

‘असंल, सर. बायांना सांगायचं होतं.’

‘या टिपेनं अख्खं प्रकरण पडतं. चार वर्षं घातली मी. काढ ती.’ खिशातून चिठ्ठी काढली, मशीनजवळ ठेवली. हात तिच्यावरच ठेवला.

मी हललो न्हाई. सरांनी माझ्या माठाकडं बघितलं. महिनाभर यायचे, कधी हात लावला नव्हता. उठले, गिलास भरला, गटागटा पेले.

‘झालं?’

‘हे हिंगोलीच्या नळाचं हाय, सर. माय कुरुंद्यात हाय. साडेचारची गाडी हाय, मी बी येतो.’

‘पंधरा तारखेला द्यायचाय प्रबंध,’ सर म्हणाले. पानं गोळा केली. चिठ्ठीबी.

स्टँड समोरच. सर औरंगाबादच्या गाडीत चढले. टीप ठेवली का फाडली, मला कळणार न्हाई.

नवा कागद लावला, विद्यापीठाला एम.ए.चा अर्ज. ‘शिफारस’पुढं ‘नाही’ टाइप केलं. अक्षर चुकलं. फाडला. दुसराबी फाडला. तिसरा बराबर आला.

सव्वाचार झाले होते. मशीनवर फडकं टाकलं, एक कोरी वही घेतली. मायच्या नव्या गाण्यांतलं माझ्याजवळबी एक लिवलेलं नव्हतं. तिचं पाणी मी जन्मभर पीत आलो, पण गाणं मागितलंच नव्हतं.