आठ वीत, तीन बोटं

"अजून खाली... अजून... थांबा, थांबा!" पेंटर ओरडला आणि आमच्या ह्यांनी चेनपुली घट्ट धरली. ताज्या निळ्या रंगातली पिकअपची बॉडी दुसऱ्याच गाडीच्या चासीवर बोटभर अंतरावर लटकत राहिली. "मिस्त्री, पुढची भोकं जुळतायत. मागची चार इंच चुकलीत."

"डोळे तपासून घे," हे म्हणाले.

पेंटरने त्यांनाच वाकून बघायला लावलं. हे वाकले आणि उठले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

मी कोपऱ्यात मशीनवर त्याच गाडीचं सीट कव्हर शिवत होते. तीस वर्षं आमचं असंच चाललंय. हे गाड्या उघड्या करतात आणि मी त्यांना कपडे घालते. माझ्या गळ्यात कायम टेप, आणि ह्यांचं टेपशी हाडवैर. "टेप कापडाला ठीक आहे. लोखंडाला हात लागतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळं माप वितीत आणि बोटांत. गाडी खोलली की मापं खडूने भिंतीवर लिहायची आणि कधीच पुसायची नाहीत. लग्नाचा वाढदिवस विसरतील, पण कुठली गाडी किती वीत, हे भिंतीवर सापडेल.

पिकअप रोपवाटिकेवाल्या बाईंची. त्यांच्या वडिलांच्या वेळची, केबिन आणि हौदा एकाच पत्र्यात घडवलेली. पत्रा ठणठणीत, पण खालची चासी गंजून गेलेली. म्हणून भंगारात निघालेल्या एका गाडीची धडधाकट चासी आणून तिच्यावर ही बॉडी बसवायची ठरली. दोन महिन्यांपूर्वी ह्यांनी बॉडी उतरवली, तिच्या पुढच्या भोकापासून मागच्या भोकापर्यंतचं माप भिंतीवर 'आठ वीत, तीन बोटं' असं लिहिलं आणि ती पेंटरकडे धाडली. त्याच आठवड्यात पत्रा कापताना ह्यांच्या उजव्या करंगळीचं टोक गेलं, नखाएवढं. "एवढ्याशाने माझं काय अडतंय?" असं डॉक्टरांनाच ऐकवून आले. त्यानंतरचं हे पहिलं काम. काल भिंतीवरचं माप बघून त्यांनी चासीवर ब्रॅकेट जोडले आणि भोकं पाडली.

आता ह्यांनी आधी चासीला शिव्या घातल्या. मग पेंटरकडे वळले.

"रंग भाजताना बॉडी ताणलीस काय रे?"

"हो तर! इस्त्री पण केली," पेंटर म्हणाला आणि खाली टेकू लावून चहा प्यायला निघून गेला.

हे टायरवर बसले. मग म्हणाले, "हात गेला गं माझा. बाईंना सांगतो, दुसरा मिस्त्री बघा. आपण शटर ओढून घेऊ."

हा माणूस तापाने फणफणलेला असतानाही शटर ओढायचं म्हणाला नव्हता.

मी उठले आणि त्यांना कामाच्या टेबलाशी नेलं. टेबलाच्या कडेला दोन खाचा आहेत. गॅरेज उघडलं त्या दिवशी ह्यांनी कोरलेल्या, बरोबर एक वीत अंतरावर. "ठेवा हात," मी म्हटलं.

अंगठा पहिल्या खाचेत बसला. करंगळी दुसरीपाशी पोचलीच नाही. ह्यांनी पंजा ताणला, पुन्हा ताणला. अर्धा इंच कमीच. आठ वेळा अर्धा इंच.

हे भिंतीकडे बघत राहिले. "म्हणजे ही सगळी भिंत..." एवढंच म्हणाले. तिथला आकडा न् आकडा त्यांच्याच हाताचा होता, पण तो हात आता नव्हता.

"टेप दे," हे हळूच म्हणाले.

हे दोन शब्द ऐकायला मी तीस वर्षं टपले होते. काय काय टोमणे मारायचे तेही ठरलेलं होतं. त्यातला एकही आठवला नाही. मला रडू येत होतं. मी गळ्यातला टेप काढला आणि मशीनच्या खणात टाकून दिला. परत येऊन त्यांच्या करंगळीला लागून माझ्या बोटाचं टोक आडवं ठेवलं. ते खाचेला टेकलं.

"बघा, पुरलं."

"शिवून शिवून भोकं पडलीत त्या बोटाला."

"असू देत. मापात आहे ना?"

खाचेएवढी एक काठी कापून घेतली असती तरी भागलं असतं. ते दोघांनाही कळत होतं. काठी कुणीच उचलली नाही.

पेंटर परतला तेव्हा आम्ही चासीवर हाताला हात लावून सरकत होतो. "अरे वा! या वयात?"

"माप घेतोय! गप पुली धर."

दुपारभर मागचे ब्रॅकेट कापून पुन्हा जोडले. संध्याकाळी बॉडी खाली आली आणि चारही बोल्ट हाताने फिरवूनच आत गेले. रोपवाटिकेवाल्या बाई दाराच्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "वडिलांची गाडी वाचवलीत, मिस्त्री."

"हिनेपण हात लावला," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटा टेम्पो आला. मी मशीनवर होते. ह्यांनी खडू कानावर अडकवला, चासीवर वीत पसरली आणि तसेच थांबले. हाक मारली नाही, मागे वळूनही बघितलं नाही.

मी सुई वर करून उठले.