व्हेक्स म्हणजे काय?

मास्तरांच्या जिवावरचा धोका टळला, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या बायकोचा, टेलरबाईंचा, जीव भांड्यात पडला. पण अर्धाच. कारण डॉक्टर लगेच पुढे म्हणाले, "मेंदूला फटका बसलाय. उजवा हात हळूहळू चालायला लागेल. बोलण्याचं मात्र आत्ताच काही सांगता येत नाही."

नेमकं बोलण्याचंच! एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही पेपर मोठ्यानं वाचायचे. दुकानाच्या पाटीवर स्पेलिंग चुकलेलं दिसलं की भर रस्त्यात थांबून दुकानदाराला बाहेर बोलवायचे. टेलरबाईंचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे दिवसभर ती टकळी त्यांच्या कानाशी. कितीदा त्या वैतागून म्हणाल्या असतील, "अहो, जरा तोंडाला विश्रांती द्या." आता ते आठवून त्या स्वतःलाच बोल लावायच्या.

घरी आणून अठरा दिवस झाले. मास्तरांना समजत सगळं होतं. जेवण अळणी लागलं तर ताट सरकवायचे, दारात कोण आलंय ते बघायला मान उंचवायचे. पण बोलायला गेले की तोंडातून फक्त "ता... ता..." एवढंच निघायचं. मग ओशाळे होऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. हळूहळू त्यांनी तेवढंही करायचं सोडलं.

वाचा परत आणायचे धडे देणारी एक मुलगी दिवसाआड घरी येऊ लागली. केसांत पेन्सिल खोचलेली, बोलायला मोकळी.

"काकू, काकांच्या डोक्यात सगळ्यात घट्ट काय बसलंय?"

"इंग्रजी. दुसरं काय?"

"मग आपण त्याच दारानं आत शिरू. एक अक्षर धरायचं. ते अक्षर असलेले छोटे छोटे शब्द तुम्ही वाचायचे आणि अर्थ त्यांना विचारायचा. कुठलं अक्षर घेऊ या?"

टेलरबाईंचं इंग्रजी म्हणजे अक्षरं जोडून कसंबसं वाचण्यापुरतं. अर्थाच्या नावानं शून्य. पण एक अक्षर रोजच्या ओळखीचं होतं, कॉलरच्या आत मापाच्या पट्टीवर असायचं ते.

"एक्स घ्या," त्या म्हणाल्या. "एक एक्स, दोन एक्स, तीन एक्स. पोट सुटेल तसा एकेक वाढतो."

मुलगी खळखळून हसली. तिनं बारा शब्दांचा कागद करून दिला. बहुतेक शब्दांपुढे चित्रंही काढली.

पहिल्या दिवशी मास्तरांनी कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही. टेलरबाई आपल्याच आपण वाचत राहिल्या. "बॉक्स. म्हणजे खोका. ऑक्स. म्हणजे बैल. सिक्स तर मलाही येतं." भिंतीला शिकवल्यासारखं वाटलं, पण त्यांनी नेट सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी "वॅक्स" आला. पुढे जळत्या मेणबत्तीचं चित्र.

"वॅक्स म्हणजे मेणबत्ती," त्यांनी ठोकून दिलं.

मास्तरांची मान हलली. नाही! डाव्या हाताचं बोट कागदावर आलं आणि ज्योतीखाली ओघळलेल्या थेंबांवर टकटक करू लागलं.

"मेण?"

मान होकारार्थी हलली.

"मग मेणच काढायचं ना! अख्खी मेणबत्ती कशाला काढली तिनं?" टेलरबाई वरवर कुरकुरल्या, पण आतून हरखल्या. मास्तरांच्या कपाळावर ती जुनी आठी आली होती, वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यावर यायची ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कापड बेतायच्या टेबलापाशीच त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवलं. "मिक्स" झाला, "फिक्स" झाला. शेवटचा शब्द राहिला. त्याच्यापुढे चित्रच नव्हतं.

"व्हे... व्हेक्स. अहो, व्हेक्स म्हणजे काय हो? इथे तर काहीच काढलेलं नाही."

मास्तरांनी कागद बघितला. मग बायकोकडे बघितलं. आणि डाव्या हाताचं बोट सरळ तिच्याकडे रोखलं.

"मी?" टेलरबाई गोंधळल्या. "व्हेक्स म्हणजे बायको?"

मास्तरांच्या छातीतून घरघरल्यासारखा आवाज आला. त्या घाबरून उठल्या. पुन्हा काही झालं की काय? पण मास्तर हसत होते! तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांत पाणी, खांदे गदागदा हलताहेत. आणि त्या हसण्याच्या भरात, ओठ चाचपडत चाचपडत, शब्द बाहेर पडला.

"त्रास."

टेलरबाईंच्या हातातली मोजपट्टी गळून पडली.

"काय म्हणालात?"

"त्रा...स." मग बोट पुन्हा त्यांच्याकडेच. "त्रास!"

त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसता हसता रडू फुटलं, रडता रडता पुन्हा हसू. "म्हणा, अजून म्हणा! हवं तेवढं म्हणा," असं त्यांचं चाललं आणि मास्तरही आज्ञाधारक मुलासारखे म्हणत राहिले.

त्यांनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, हे बोलले!"

"अगं बाई! काय म्हणाला दादा?"

"मला त्रास म्हणाले."

पलीकडून आधी हसू फुटलं. मग नणंद म्हणाली, "म्हणजे डोकं अगदी ठिकाणावर आहे त्याचं. सुटलो गं बाई!"

दुसऱ्या दिवशी धडे देणाऱ्या मुलीनं सगळं ऐकलं, व्हेक्स म्हणजे त्रास देणंच असं सांगितलं, मास्तरांकडून दोनचार शब्द काढून घेतले आणि कागदावर काहीतरी टिपलं. "आता घाई नको, काकू. शब्द उलटसुलट येतील. पाण्याला खिडकी म्हणतील, तुम्हाला भलत्याच नावानं हाक मारतील. पण वाट मोकळी झाली हे नक्की."

"खिडकी म्हणू देत, नाहीतर छप्पर म्हणू देत," टेलरबाई म्हणाल्या. "पाणी मी बरोबर आणून देईन."

मुलगी गेल्यावर त्या जरा पाठ टेकावी म्हणून बाजूच्या खाटेवर आडव्या झाल्या. तीन आठवड्यांत त्यांचा डोळ्याला डोळा नीट लागला नव्हता. खुर्चीत मास्तर कागद मांडीवर घेऊन पुटपुटत होते, "मि... मिक्स... मि..." ते ऐकता ऐकताच त्यांना गाढ झोप लागली.