जित्या जवानाचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे, दहा बाय बारा फुटांचा. आमच्या जातीचं नाव घेतलं की लोक नाक मुरडतात, ठाऊक आहे मला. पण मित्रांनो, आज मला राग आलाय आणि तो बोलून दाखवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

लोणावळ्यातल्या एका दुकानात मशीनच्या पोटातून मी बाहेर पडलो. मधोमध गावच्या मंडळाचे अध्यक्ष सुहासभाऊ, गॉगल लावून, हात जोडून. त्यांच्या भोवती मंडळाचे अठरा चेहरे. आणि सगळ्यांच्या पायाशी, उरलेल्या जागेत, वर्दीतला संदेश, आमच्या औंढे गावचा जवान. ज्याच्यासाठी मला छापलं तोच कोपऱ्यात! मजकूर होता, ‘मित्रदेशासाठी रणांगणावर निघालेल्या वीराला मानाचा मुजरा’.

आता खरी गंमत ऐका. संदेश रणांगणावर निघालेलाच नव्हता. आपल्या एका मित्रदेशावर युद्ध आलं होतं, टीव्हीवाले दिवसभर ओरडत होते आणि नेमकी त्याच आठवड्यात संदेशची सुट्टी रद्द झाली. एवढ्यावरून गावानं ठरवून टाकलं. त्याची आई नंदाबाई सांगत होती, अजून काही ठरलेलं नाही, पोरगा फोनवर तसंच म्हणाला. ऐकतो कोण? मला फाट्यावर चढवलं, फटाके लावले. मीही शेफारलो, खोटं कशाला बोलू.

नंदाबाई भातखाचराला जाताना माझ्याखालून जायची, पण मान वर करायची नाही. संदेशची बायको कोमल सात महिन्यांची पोटुशी होती. तिनं तर फाट्यावर यायचंच सोडलं. सासूसुनेच्या घशाखाली घास उतरत नाही, असं बायका माझ्याखाली उभ्या राहून बोलायच्या.

आठव्या दिवशी बातमी आली. आपला देश या युद्धात उतरणार नाही. धान्य देऊ, औषधं देऊ, पण जवान पाठवणार नाही. त्या दिवशी नंदाबाईच्या घरात सगळे पोटभर जेवले. फाट्यावर मात्र सुतक पडलं. सुहासभाऊ म्हणाले, ऐन वेळी दोस्ताला तोंडघशी पाडलं, जगात आपली काय पत राहिली? दोस्ताला एकटं सोडावं की नाही, मला कळत नाही. प्रश्न मोठा आहे, तिकडेही कुणाची तरी मुलं मरत होती. पण यांची तऱ्हा बघून माझं टाळकं सडकलं. दोस्ताचं दुःख एकाच्याही तोंडावर नव्हतं. सगळी हळहळ हुकलेल्या मिरवणुकीची.

त्यांनी माझ्याच खाली निषेधसभा ठेवली. नंदाबाईनं फक्त एक वाक्य बोलावं, पोरगा द्यायला मी तयार होते, एवढंच, असा निरोप गेला. आणि सजावट म्हणून कुणीतरी संदेशच्या फोटोला झेंडूचा हार घातला. जित्या माणसाच्या फोटोला हार! अठरा शहाणे समोर उभे होते, एकालाही काही वाटलं नाही.

नंदाबाई आली. हार दिसताच जागच्या जागी थांबली. मग तिनं खुर्ची ओढली, वर चढली आणि हार काढला. माईक पुढे केला तो तिनं घेतलाच नाही.

“सुहासभाऊ, माजा पोरगा जिता हाय,” ती म्हणाली. “सरकारनं हुकूम दिला तर त्यो जाईल, मी आडवी न्हाई येणार. पर तुमच्या हौसंपायी न्हाई. तुमचा ल्योक अमृत बारावी झालाय न्हवं? फुडल्या म्हैन्यात भरती हाय. घालता का त्याला?”

सुहासभाऊंनी मोबाइलमध्ये मान घातली. सभा तिथंच आटोपली. दुसऱ्या दिवशी नंदाबाईनं दोऱ्या कापून मला घरी नेलं आणि सरपणावर टाकलं, छापील बाजू खाली करून.

दिवाळीत संदेश सुट्टीवर आला. तान्ह्या लेकीला हातावर घेऊन तो सरपणापाशी उभा राहिला आणि माझा कोपरा उचलून हसला. म्हणाला, आये, फोटू बरा आलाय की, उलटा कशाला टाकलास?

“तू हाईस की म्होरं,” नंदाबाई म्हणाली. “फोटू कशाला बघू?”

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. कुणाचं तरी पोर लढाईला धाडायची घोषणा ओठावर आली, तर आधी आपल्या घरात कोण आहे ते बघा. त्याचं नाव त्या घोषणेत घाला. आणि मग आवाज चढतोय का बघा.